उरलेल्या रोस्ट कोंबडीचं सूप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थर्टी फर्स्टला आणलेली आख्खी रोस्ट कोंबडी, नाताळात घरीच ओव्हनमध्ये भाजलेली, किंवा परदेशात सुपरमार्केटमधून गरमागरम उचललेली रोटिसरी (सळईवर फिरवत भाजलेली) कोंबडी. छाती आणि तंगड्या संपतात, सांगाडा उरतो. खालची उत्तरं त्या सांगाड्याबद्दल आहेत. कच्च्या कोंबडीच्या सुपाचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. भाजताना कोंबडीला मीठ, मसाला आणि रंग आधीच लागलेला असतो, आणि तो सगळा पातेल्यात उतरतो.

एका कोंबडीच्या हाडांतून किती सूप निघतं?

दीड किलोची कोंबडी भाजून, मांस खाऊन झाल्यावर पाठ, मान, छातीचा पिंजरा, पंखांची टोकं आणि तंगड्यांची हाडं मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ऐवज उरतो. त्याला दीड लिटर पाणी पुरे. गाळल्यावर सव्वा लिटरच्या आसपास सूप मिळतं, म्हणजे चार जणांना एकेक मोठा बाऊल.

वजनकाटा नसेल तर हाडं मोडून पातेल्यात दाबून बसवा आणि त्यांच्यावर दोन बोटं येईल इतकंच पाणी घाला. पाहुणे सहा आहेत म्हणून तीन लिटर घातलं, तर हाती येतं ते कोंबडी पोहून गेलेलं पाणी. माणसं जास्त असतील तर हाडं वाढवावीत. दोन-तीन वेळचे सांगाडे फ्रीझरमध्ये साठवून एकदम उकळले, तर कष्ट तेवढेच आणि सूप दुप्पट-तिप्पट.

मांस सगळं संपलंय. नुसत्या हाडांचं सूप चांगलं होतं का?

होतं. खरं तर सूप हाडांचंच असतं. सांध्यांतल्या कुर्च्या, कातडी आणि स्नायुबंध यांत कोलॅजन हे प्रथिन असतं. पाणी ७० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. सूप ओठांना किंचित चिकट लागतं ते त्यामुळे. पंखांची टोकं, मान आणि पाठ यांत हे सर्वांत जास्त, तंगडीच्या सरळ हाडात त्यामानाने कमी.

चिकनवाल्याकडे पंजे मिळत असतील तर चार-पाच घ्या. ते बऱ्याच ठिकाणी अगदी स्वस्तात मिळतात. नखं काढून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, पिवळी साल सोला आणि सांगाड्यासोबत टाका. सूप दाट व्हायला याहून सोपा उपाय नाही.

चमचाभर व्हिनेगर घातल्याने हाडांतलं कॅल्शिअम भरभरून सुपात येतं, हा समज मात्र सोडून द्या. उतरतं ते थोडंसंच. कॅल्शिअमसाठी दूध आणि नाचणी आहेत.

पानातली उष्टी हाडं घेतली तर चालतील?

तासभर उकळल्यावर उष्ट्यातले बहुतेक जंतू जिवंत राहत नाहीत. पण काही जिवाणूंनी आधीच तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. जेवण रंगलं, हाडं ताटात तीन तास पडून राहिली, तर ती टाकूनच द्या. शिवाय घरात कोणाला उष्टं चालत नसेल, तर त्यांना न सांगता वाढणं बरं नव्हे.

वाढायच्या आधीच कोंबडी स्वयंपाकघरात सोडवावी. मांडी, तंगडी, छातीचे तुकडे पानात जातात. पाठ, पिंजरा आणि मान झाकून लगेच फ्रिजमध्ये. म्हणजे प्रश्नच उरत नाही.

भाजलेली कोंबडी किती वेळ बाहेर राहिलेली चालते?

जास्तीत जास्त दोन तास. खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जवळपास रोजच, तर एकच तास. "रात्रभर ओट्यावर होती, पण वास काही आला नाही" हा निकष चालत नाही. वास न येताही कोंबडी बिघडलेली असू शकते. फ्रिजमध्ये ठेवलेला सांगाडा तीन-चार दिवसांत वापरावा, त्यापुढे फ्रीझर.

नेमकी कृती काय?

आधी सांगाडा साफ करा. पोटात लिंबाची फोड, कांदा, रोजमेरीची काडी किंवा ब्रेडचं सारण असेल तर सगळं काढा. पाय बांधलेला दोरा काढा. परदेशात आख्ख्या कोंबडीच्या पोटात काळीज-पेटाची पुडी कोंबलेली असते. ती भाजताना विसरून आतच राहिली असेल, तर तीही काढून टाका. जळून काळी झालेली कातडी खरवडा. तांबूस, खरपूस कातडी राहू द्या, रंग आणि चव तिच्यातच आहे.

हाडांना चिकटलेलं मांस बोटांनी सोडवून वेगळ्या डब्यात ठेवा. पाठीखाली, कमरेच्या हाडाला लागून दोन्ही बाजूंना छोटे मऊ गोळे असतात, ते बहुतेकांकडून राहून जातात. नीट सोडवलं तर दीडशे-दोनशे ग्रॅम मांस सहज निघतं. हे मांस हाडांबरोबर उकळायचं नाही. ते एकदा भाजून झालंय. आणखी दोन तास शिजलं की सुतळीसारखं लागतं.

पिंजरा हातानेच दाबून मोडा. हाडं जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घाला, त्यावर थंड पाणी. भाजायच्या ट्रेला तांबूस रस चिकटलेला असेल, तर ट्रेमध्ये वाटीभर गरम पाणी ओता, लाकडी उलथन्याने खरवडा आणि एक थेंब चाखा. गोडसर-खारट लागलं तर पातेल्यात जाऊ द्या, कडू लागलं तर मोरीत.

मध्यम आचेवर उकळी येऊ द्या. उकळी दिसताच आच अगदी बारीक करा. इथेच बहुतेक सुपं बिघडतात. पाणी खळखळता कामा नये, रटरटताही कामा नये. पातेल्याच्या कडेला दर सेकंदाला एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहावा, एवढंच. गॅसची ज्योत याहून कमी होत नसेल तर पातेल्याखाली तवा ठेवा. झाकण तिरकं.

भाजलेल्या हाडांना कच्च्याइतका फेस येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत जो येईल तो डावाने काढा. मग तासभर हात लावू नका. ढवळायचं तर अजिबात नाही.

एका तासाने भाज्या आणि खडे मसाले घाला, आणखी पाऊण तास ठेवा. एकूण वेळ पावणेदोन ते दोन तास. कोंबडीची हाडं लहान असतात. पाच-सहा तास उकळून जास्त काही मिळत नाही, उलट चव शिळवट होते.

गॅस बंद करून दहा मिनिटं निवू द्या. मग ओगराळ्याने वरूनच उचलून चाळणीतून गाळा, आणि पुन्हा एकदा ओल्या मलमलच्या फडक्यातून. पातेलं उपडं करून ओतलं तर तळाचा गाळ आणि बरगड्यांचे बारीक तुकडे सोबत येतात. दुसऱ्यांदा गाळण्याचा कंटाळा करू नका. शिजलेल्या बरगडीचं टोक सुईसारखं असतं.

मीठ या सगळ्यानंतर.

कुकरमध्ये होईल का? किती शिट्ट्या?

होईल, आणि उत्तम होईल. कुकरच्या दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे दोन तासांचं काम पाऊण तासात होतं. पाच लिटरच्या कुकरमध्ये एक सांगाडा आणि दीड लिटर पाणी. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. चरबी आणि फेस वर येऊन शिट्टीचं भोक तुंबू शकतं.

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, आणि ३५ ते ४० मिनिटं. भाज्या सुरुवातीलाच घालाव्या लागतात, म्हणून त्यांचे मोठे तुकडे ठेवा. कांदा नुसता अर्धा चिरा.

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं, चरबी त्यात घुसळली जाते आणि इतका वेळ नितळ राहिलेलं सूप दुधी होतं. कुकरमधली हाडं खुसखुशीत होऊन मोडतात, तेव्हा गाळताना आणखी काळजी घ्या.

भाज्या कोणत्या?

एक मध्यम कांदा, एक गाजर, चार-पाच लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दहा मिरीदाणे, एक लहान तमालपत्र. सेलरी मिळाली तर एक दांडा, नसेल तर कोथिंबिरीचे देठ मूठभर. मुळांसकट जुडी मिळाली तर मुळं धुऊन तीही. कांदा वरच्या स्वच्छ सालीसकट घातला तर रंग सोनेरी येतो.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली नको. तासभर उकळल्यावर त्यांचा गंधकी वास सगळं सूप व्यापतो. ढोबळी मिरची कडवटपणा आणते, बीट रंग. बटाटा विरघळून गढूळ करतो. फ्रिज साफ करायचाय म्हणून हाती येईल ते पातेल्यात टाकू नये. दालचिनी, लवंग, वेलची घातली तर ते पुलावाचं पाणी होतं. वाईट नाही, पण सूपही नाही.

सूप गढूळ का झालं?

खळखळ उकळल्यामुळे, दहात नऊ वेळा. उकळीत चरबीचे बारीक थेंब फुटून पाण्यात मिसळतात आणि परत वेगळे होत नाहीत. बाकी कारणं : ढवळणं, पोटातलं सारण न काढणं, गाळताना हाडं दाबून पिळणं.

चवीत फारसा फरक पडत नाही. शेवया किंवा भात घालणार असाल तर सोडून द्या. अगदी नितळच हवं असेल, तर सूप पूर्ण थंड करून वरची चरबी काढा. एका लिटरला दोन अंड्यांचा पांढरा भाग हलकासा फेटून थंड सुपात मिसळा आणि मंद आचेवर ठेवा. तापेपर्यंत हळूहळू ढवळा, पांढरं वर जमायला लागलं की ढवळणं बंद. वरच्या थरात सगळा गाळ अडकतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्या थराला एका बाजूला भोक पाडून खालचं नितळ सूप ओगराळ्याने काढा आणि फडक्यातून गाळा.

कडवट लागतंय. काय चुकलं?

पहिला संशय लिंबावर. भाजताना पोटात ठेवलेली फोड सांगाड्यातच राहिली की सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. दुसरा संशय करपलेल्या कातडीवर आणि ट्रेमधल्या काळ्या खरवडीवर. तिसरा तमालपत्रावर : दीड लिटरला एकच पान, तेही लहान. तंदुरी असेल तर कसुरी मेथी.

उतरलेला कडूपणा परत काढता येत नाही. थोडा असेल तर झाकता येतो : लोण्यात परतलेला कांदा, मक्याचे दाणे, चिमूटभर साखर. जास्त असेल तर ते सूप टाकलेलं बरं. त्याचं काही भलं करायच्या नादात चांगलं मांसही वाया जातं.

खारट झालं. बटाटा टाकू का?

टाका, पण बटाट्याने खारटपणा जात नाही. बटाटा खारट पाणी शोषतो. उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. फक्त सूप कमी होतं आणि बटाटा खारट होतो. उपाय एकच, पाणी वाढवणं. बिनमिठाच्या शेवया, भात, मका किंवा दूध घातलं तर तेच काम होतं.

हे टाळता येतं. रोटिसरी कोंबडी बऱ्याचदा मिठाच्या पाण्यात मुरवलेली, नाहीतर तेच पाणी टोचलेली असते. घरच्या रोस्टलाही कातडीवर मीठ चोळलेलं असतं. सूप आटलं की हे मीठ आणखी जाणवतं. म्हणून गाळेपर्यंत पातेल्यात मीठ नको. कच्च्या, बिनमिठाच्या हाडांच्या सुपाला लिटरमागे चहाचा सव्वा चमचा मीठ लागतं. रोस्टच्या सुपाला अर्ध्यापासून सुरुवात करा आणि चाखत जा. सोया सॉस किंवा सूप क्यूब घालणार असाल तर आधी ते, मग मीठ.

चव पाणचट आहे.

पाणी जास्त झालं. गाळून घेतलेलं सूप झाकण न लावता मोठ्या आचेवर आटवा. हाडं काढून टाकलेली आहेत, चरबी काढून घेतली असेल तर आता खळखळलं तरी बिघडत नाही. सव्वा लिटरचं एक लिटर झालं की चाखा. मगच मीठ. मीठ बरोबर असूनही सपाट लागलं तर बाऊलमध्ये लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. सुपाला बऱ्याचदा मिठाची नाही, आंबटाची कमी असते.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या सुपाची जेली झाली. खराब झालं का?

उलट, उत्तम झालं. जिलेटिन थंड झालं की घट्ट होतं, गरम केलं की परत पातळ. जेली झाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पाणी थोडं जास्त होतं किंवा पंखांची टोकं नव्हती, इतकंच.

वर पिवळट-पांढरी चरबी जमते ती चमच्याने अलगद निघते. फेकू नका. वरणाच्या नाही, पण भाताच्या किंवा बटाट्याच्या फोडणीला छान लागते. सूप आज वापरायचं नसेल तर ती तशीच वर राहू द्या, झाकणाचं काम करते.

तंदुरी उरली आहे. तिचं सूप होईल?

होतं, पण सरळ उकळली तर निराशा होते. तंदुरीवर दही, लाल तिखट, लिंबू, गरम मसाला, मोहरीचं तेल, कसुरी मेथी यांचा थर असतो, वरून चाट मसाला. उकळल्यावर दही फुटून करड्या कण्या तरंगतात, रंग विटकरी होतो, काळं मीठ आणि आमचूर पुढे येतात. वर तंदूरमध्ये जळलेल्या कडांचा कडूपणा.

म्हणून मांस सोडवून घ्या आणि हाडांवरचा मसाला सुरीच्या पाठीने खरवडा. हाडं उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा आणि ते पाणी टाकून द्या. थोडी चव जाते, पण जी जाते ती नकोच असलेली. मग नवीन थंड पाणी घालून वरच्याच कृतीने. खडे मसाले पूर्ण वगळा, फक्त आलं, लसूण, कांदा.

एवढं करूनही धुराचा वास राहतो. तो लपवण्यापेक्षा वापरावा. दोन टोमॅटो तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, साल काढून, सुपात घोटा. चमचाभर लोणी, मिरपूड, कोथिंबीर. टोमॅटोचं हे धुरकट सूप तंदुरीच्या हाडांशिवाय असं लागत नाही. टोमॅटो आणि लिंबू असलं की ॲल्युमिनियमचं पातेलं टाळा.

चिकन टिक्का किंवा फ्राइड चिकन उरलं तर?

टिक्क्यात हाड नाही, म्हणजे सूपही नाही. दुसऱ्या सुपात तुकडे करून शेवटी घाला. फ्राइड चिकनचं आवरण पूर्ण सोलून हाडं वापरता येतात, पण तळणीच्या तेलाचा वास येतोच. एका रोस्ट सांगाड्यात दोन-तीन फ्राइडची हाडं मिसळली तर कळत नाहीत. नुसत्या त्यांचंच सूप करू नये.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर टर्कीचा सांगाडा उरतो. तेच प्रमाण चालेल?

प्रमाण तेच, पातेलं मोठं. पाच-सहा किलोच्या टर्कीचा सांगाडा दीड ते दोन किलो भरतो. त्याला साडेचार ते पाच लिटर पाणी आणि निदान आठ लिटरचं पातेलं हवं. नसेल तर छातीचं हाड कात्रीने कापून सांगाडा दोन भागांत उकळा, किंवा अर्धा फ्रीझ करा. वेळ तीन तास, हाडं जाड असतात.

टर्कीचा स्वाद कोंबडीपेक्षा उग्र आणि किंचित गोडसर. आलं दुप्पट घ्या. सेज, थाइम ही विलायती सुगंधी पानं चोळलेली असतील तर कातडी काढा, नाहीतर आलं-लसूण आणि सेज यांचं एकमेकांशी जमत नाही. पोटातलं ब्रेडचं सारण दाण्यादाण्याने काढावं लागतं, त्यात सूट नाही.

शेवया, नूडल्स, भात : कधी घालायचं?

वेगळं शिजवून, वाढताना बाऊलमध्ये. पातेल्यात शिजवून ठेवलेल्या शेवया सकाळपर्यंत सगळं सूप पितात आणि खीर नसलेली खीर उरते. एका बाऊलला शिजलेल्या शेवया किंवा भात अर्धी वाटी, मांस पाच-सहा तुकडे, वर उकळतं सूप. मांस त्या उष्णतेने गरम होतं, वेगळं शिजवावं लागत नाही. फक्त ते फ्रिजमधून काढलेलं थंडगार असेल, तर सुपात एक उकळी द्या.

भात घातलेल्या कोंबडीच्या सुपाला पोर्तुगीज भाषेत 'कांजा' म्हणतात. हा शब्द आपल्याकडच्या कांजी-कंजीवरूनच समुद्रापार गेला असं मानतात. तसं करायचं तर उकडा तांदूळ घ्या. लिटरभर सुपात अर्धी वाटी तांदूळ मऊ होईपर्यंत शिजवा, मग मांस आणि पुदिना. हे मात्र लगेच संपवायचं.

या सुपाचा पांढरा रस्सा होईल का?

नाही. रोस्टच्या हाडांचं पाणी तांबूस असतं, त्यात नारळाचं दूध, खसखस आणि काजू घातले की रंग चहासारखा होतो. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याला न भाजलेल्या मटणाचं किंवा कोंबडीचं आळणी पाणीच हवं. 'आळणी'च्या धर्तीवर काही करायचं असेल तर जमेल : चमचाभर तुपात ठेचलेलं आलं-लसूण आणि चिमूटभर हळद परता, त्यावर गाळलेलं सूप ओता, दोन उकळ्या. भाकरीबरोबर वाटीने प्यायला चांगलं.

स्वीट कॉर्न सूप यातूनच करतात ना?

हॉटेलातल्यापेक्षा चांगलं होतं. एक लिटर सूप, एक वाटी मक्याचे दाणे. त्यातले अर्धे मिक्सरमधून जाडसर फिरवलेले. उकळी आली की तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाऊण वाटी थंड पाण्यात कालवून धारेने सोडा आणि ढवळत राहा. गरम सुपात कोरडं कॉर्नफ्लोअर टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. दाट झाल्यावर आच बंद करून फेटलेलं एक अंडं बारीक धारेने ओता, दहा सेकंद थांबा, मग एकदा ढवळा; तंतू येतात. लगेच ढवळलं तर अंडं सुपात विरून जातं. मांस आणि मिरपूड शेवटी.

गरम सूप थेट फ्रिजमध्ये ठेवावं का?

मोठं पातेलं नको. दीड-दोन लिटर गरम सूप आत गेलं की शेजारचं दूध आणि भाज्या कोमट होतात, आणि सुपाचा मध्यभाग तासन्‌तास तसाच कोमट राहतो. रात्रभर ओट्यावर ठेवणं त्याहून वाईट. ५ ते ६० अंशांमधल्या तापमानात जिवाणू भराभर वाढतात, आणि काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचलेले असतात.

मोरीत परात ठेवा, तीत थंड पाणी आणि दोन ट्रे बर्फ. सूप दोन पसरट पातेल्यांत वाटून त्यात ठेवा, अधूनमधून ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात हात लावण्याइतकं निवतं. मग झाकून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. दर वेळी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा. सगळं पातेलं रोज गरम-थंड करत बसू नका.

फ्रीझरमध्ये?

उणे १८ अंशांना दोन-तीन महिने चव छान राहते. डबा काठोकाठ भरू नका, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. गोठताना सूप फुगतं आणि काचेची बरणी तडकते. झिपच्या पिशवीत अर्धा लिटर भरून आडवी ठेवली तर जागा कमी लागते आणि लवकर वितळते. आटवून दाट केलेलं सूप बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पुलाव, रस्सा, दाल यांत दोन खडे टाकले की काम होतं. शेवया किंवा बटाटा घातलेलं सूप गोठवू नका, वितळल्यावर भुसभुशीत लागतं. पिशवीवर तारीख लिहा.

हाडं दुसऱ्यांदा उकळता येतात?

येतात. अर्ध्या पाण्यात, तासभर. ते दुसरं पाणी सूप म्हणून पिण्याजोगं नसतं, पण भात शिजवायला किंवा पुढच्या सांगाड्यासाठी पाण्याऐवजी वापरायला ठीक. कुकरमधून काढलेली हाडं मात्र संपलेली असतात.

मग ती कुत्र्याला घालू का?

नको. शिजलेली हाडं फुटून टोकदार तुकडे होतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात. गाळलेल्या भाज्याही नको. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतात, आणि त्यांचा अर्क सुपातही उतरलेला असतो. हाडं कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका, म्हणजे गल्लीतली कुत्री पिशवी फाडणार नाहीत.

सर्दीवर खरंच गुण येतो?

२००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापला. कोंबडीच्या सुपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, असं त्यांना दिसलं. पण तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, सर्दी झालेल्या माणसांवर नाही. त्यावरून औषध म्हणता येत नाही. गरम वाफेने नाक मोकळं होतं, मीठ-पाणी पोटात जातं, आणि तोंडाला चव नसताना घशाखाली उतरतं. ताप असलेल्याला वाढताना चरबी काढून घ्या, मिरपूड चालेल तेवढीच.

बाळाला हे सूप देता येईल?

वर्षाच्या आतल्या बाळाला नको. त्या वयात वरून मीठ द्यायचं नसतं, आणि रोस्टचं मीठ हाडांतून वेगळं काढता येत नाही. बाळासाठी बिनमिठाच्या ताज्या कोंबडीचं पाणी वेगळं करा. वर्षावरच्या मुलांना पाणी घालून, दोनदा गाळून द्या, आणि मांसाचे तुकडे बोटांनी चुरून हाडाची कपची नाही ना, ते आधी बघा.